आगबोटीतले पाणी

मराठीत वाफेच्या जहाजाला आगबोट हे नाव ज्या कोणी प्रथम दिले, त्याने ते जहाज काठावरूनच पाहिले असावे; आत बसून भट्टीपाशी चार घटका काढल्या असत्या, तर त्याचे लक्ष आगीवरून उडून पाण्यावरच खिळले असते. इंग्लंडात, विशेषतः विंडरमिअर सरोवरावर आणि थेम्स नदीवर, केवळ स्वतःच्या हौसेखातर वीस-पंचवीस फुटी आगबोटी बांधणारे आणि चालविणारे जे छांदिष्ट लोक आहेत, त्यांचा सारा व्यवहार पाण्याचा आहे. ते किती आहे, कोठे आहे आणि निर्मळ आहे की नाही, यापलीकडे त्यांना सहसा दुसरी विवंचना नसते.

ज्याच्या न्हाणीघरात एके काळी तांब्याचा बंब होता, त्याला अशा बोटीतला बॉयलर समजावून सांगण्याचे फारसे कारण नाही. बंबात मधोमध एक नळी असते, तीत ढलप्या पेटवावयाच्या आणि भोवतालचे पाणी तापवावयाचे. छोट्या बोटीतला उभा बॉयलर म्हणजे हाच बंब, मात्र एका नळीच्या जागी अनेक बारीक नळ्या, पत्रा जाड पोलादाचा, आणि मुख्य म्हणजे तोंड बंद. पाण्याची वाफ झाली की मोकळ्या हवेत ती मूळच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते. तिला कोंडून चौरस इंचाला शंभर-सव्वाशे पौंडांचा दाब निर्माण करावयाचा आणि तो दट्ट्यावर सोडावयाचा, एवढीच या यंत्राची कैफियत. हौशी माणसाने लाकूड स्वतः तासावे, यंत्राचे ओतीव भाग घरच्या लेथवर खुशाल उतरवावेत, परंतु बॉयलर जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची तपासणीही मोठी मार्मिक असते. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून पंपाने चालू दाबाच्या दीडपट ते दुप्पट दाब देतात. पाणी वाफेसारखे फुगत नसल्यामुळे एखादा सांधा कच्चा निघालाच, तर स्फोट न होता नुसती चिळकांडी उडते, आणि दाखला नाकारण्यास ती पुरेशी असते.

बोट निघण्यापूर्वी पाऊण तास तरी आधी विस्तव घालावा लागतो, कारण घाईने तापविलेले पोलाद सर्वत्र सारखे प्रसरण पावत नाही आणि सांध्यांना ताण बसतो. या पाऊण तासात आगवाल्याची नजर बॉयलरच्या अंगावर उभ्या बसविलेल्या बोटभर जाडीच्या काचनळीवर असते. तीत पाणी फार खाली गेले, तर उघड्या पडलेल्या नळ्या लाल होऊन निकामी होतात. फार वर चढले, तर वाफेबरोबर पाणीच सिलिंडरात शिरते, आणि पाणी दबत नसल्यामुळे दट्ट्याच्या पहिल्या धडकेसरशी वरचे झाकण तडकते. म्हणूनच यंत्र सुरू करताना सिलिंडराच्या तळाशी असलेल्या तोट्या आधी उघड्या ठेवतात. गार लोखंडाला लागून निवलेली वाफ त्यांतून खाकरल्यासारखी थुंकत बाहेर येते; मग केवळ कोरडी वाफ येऊ लागली, की त्या फिरवून बंद करावयाच्या.

यानंतर जे घडते, ते आगगाडीच्या अनुभवावरून कल्पना बांधणाऱ्याला चकित करणारे आहे, कारण बोट आवाज करीत नाही. इंजिनाचा तो परिचित भकभकाट मोकळ्या धुराड्यात सोडलेल्या वाफेचा असतो. येथे ती वाफ बहुधा तळाबाहेरून, गार पाण्यातून नेलेल्या नळीत निववून पुन्हा पाणी केली जाते. मोठा पंखा संथपणे फिरतो, पितळी दांडे खालीवर होतात, आणि शेजाऱ्याशी कुजबुजत बोलता येते. परंतु निवलेले पाणी जसेच्या तसे परत घेता येत नाही. सिलिंडरातल्या वंगणाचा तवंग त्याबरोबर येतो, आणि तो बॉयलरमध्ये गेला तर तापलेल्या पत्र्यावर बसून उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. यावर तजवीज कशाची, तर जुन्या पंचाच्या तुकड्यांची, किंवा चक्क वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची! आपण जिने अंग घासले, तिनेच ही मंडळी आपल्या यंत्राचे पाणी गाळतात.

हा नाद आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. मुंबईच्या वाडिया घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी हे शिडांच्या जहाजांच्या परंपरेत वाढले, परंतु त्यांचा जीव वाफेत गुंतला होता. १८३३ साली त्यांनी ‘इंडस’ नावाची छोटी आगबोट सिद्ध केली, आणि पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले.

विंडरमिअरच्या लोकांनी मात्र वाफेला चहाच्या कामीही जुंपले आहे. त्यांच्या बोटींवर तांब्याची एक झकास किटली असते. तिच्या पोटातून वेटोळी नळी गेलेली असून तीत बॉयलरची वाफ सोडली, की अर्ध्या-एक मिनिटाच्या आत पाणी उकळते.

याच सरोवराकाठच्या संग्रहालयात ‘डॉली’ नावाची बोट आहे. ती १८५०च्या सुमारास बांधलेली असून यंत्रावर चालणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या बोटींत तिची गणना होते. १८९५च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ती जवळच्याच अल्सवॉटर सरोवरात बुडाली आणि सदुसष्ट वर्षे तळाच्या गाळात पडून राहिली. १९६२ साली तिला वर काढले, गाळ धुतला, आणि तिचे मूळचे यंत्र पुन्हा वाफेवर चालले.