गिलावा आणि बोर्ड : भिंतीच्या मापनातील एक शब्दार्थविचार

भिंतीच्या आतील अंगास लागणाऱ्या साहित्याचा अंदाज हा वरकरणी केवळ अंकगणिताचा विषय वाटतो. लांबी व उंची यांचा गुणाकार केला की क्षेत्रफळ येते आणि त्यावरून साहित्य व खर्च काढता येतो. परंतु गुणाकार बिनचूक असूनही अंदाज चुकतो, तेव्हा चुकीचे मूळ पुष्कळदा शब्दांत असते. कोणत्या वस्तूचे, कोणत्या अर्थाने मोजमाप होत आहे, हे शब्दाने स्पष्ट केलेले नसते.

‘गिलावा’ हे पदार्थवाचक नाम आहे. त्याच्या मुळाशी चिखल या अर्थाचा ‘गिल’ हा फारसी शब्द आहे. छत्रपती संभाजीनगरजवळील वेरूळ लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, असे एम. सिंग व एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखविले. अशा गिलाव्यात भिंतीचे आच्छादन आणि त्यातील तंतू एकाच लगद्यात सामावतात. लगदा कितीही विभागला तरी लगदाच राहतो. म्हणून त्याचे घनफळ मोजणे पुरेसे होते.

येथेच ‘ब्रास’ या व्यवहारातील शब्दाची अडचण उपस्थित होते. महाराष्ट्रात वाळूचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर गिलाव्याच्या कामाचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, परिमाणे दोन. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे थराची जाडी. १६ फूट लांब व १० फूट उंच अशा विटांच्या भिंतीस दोन्ही बाजूंनी १२ मिलिमीटर गिलावा करावयाचा असल्यास काम ३२० चौरस फूट, म्हणजे ३.२ ब्रास होते. ओल्या मिश्रणाचे घनफळ मात्र सुमारे १२.६ घनफूट भरते. कालवल्यावर आकारमान घटत असल्याने कोरडे साहित्य साधारणतः एक-तृतीयांश अधिक, म्हणजे १७ घनफुटांच्या आसपास धरावे लागते.

हीच भिंत विटांऐवजी जिप्सम बोर्डाची असेल, तर व्याकरणच बदलते. ‘बोर्ड’ हे गणनीय नाम आहे. ६ फूट × ४ फूट आकाराचा बोर्ड २४ चौरस फुटांचा असतो. ३२० ला २४ ने भागले असता १३.३३ येतात, परंतु बोर्ड अपूर्णांकात मिळत नाही, म्हणून किमान १४ लागतात. एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. बोर्ड उभे लावल्यास प्रत्येक ४ फूट रुंदीच्या पट्ट्यात ६ फुटांचा एक अखंड बोर्ड आणि ४ फुटांचा एक तुकडा बसतो. दुसऱ्या बोर्डातून २ फुटांची कातरण उरते. ती टाकून दिल्यास एका बाजूस ८ आणि दोन्ही बाजूंस मिळून १६ बोर्ड लागतात. दोन कातरणी जोडून एक तुकडा साधल्यास १४ बोर्डांत काम होते, मात्र सांधे वाढतात. म्हणजे बोर्डांची संख्या क्षेत्रफळाबरोबरच मांडणीवरही अवलंबून असते.

उष्णतारोधक थराची गोष्ट आणखी निराळी आहे. बोर्ड भिंतीच्या दोन्ही मुखांस लागतो. रॉकवूल किंवा ग्लासवूल मात्र दोहोंमधील पोकळीत एकदाच भरावयाचे असते. त्याचा हिशेब ३२० नव्हे, तर १६० चौरस फुटांवर करावयास हवा. उभे स्टड २ फुटांच्या अंतराने लावल्यास १६ फुटांत ९ स्टड लागतात. पोकळ्या मात्र ८ होतात. ‘भिंतीचे क्षेत्रफळ’ एवढेच लिहून ठेवले, तर एकजण बोर्ड निम्मे मागवील आणि दुसरा ग्लासवूल दुप्पट. ‘एकमुखी’ किंवा ‘उभयमुखी’ हे एक विशेषण ही हानी टाळू शकते.

दारे-खिडक्यांची वजावट हेही व्याख्येचेच उदाहरण होय. गिलाव्याच्या मोजणीसाठी भारतीय मानक १२०० मध्ये स्पष्ट संकेत आहेत. ०.५ चौरस मीटरपर्यंतचे उघडे भाग वजा करीत नाहीत. त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत, दोन्ही मुखांस सारखाच गिलावा असल्यास, एकाच मुखाची वजावट होते. दुसऱ्या मुखाची न केलेली वजावट चौकटीच्या कडांच्या कामापोटी धरली जाते. ३ × ७ फुटांचे दार सुमारे १.९५ चौरस मीटरचे असल्याने याच वर्गात येते. हा संकेत कामाच्या मोबदल्याचा आहे. किती बोर्ड विकत आणावेत, हे तो सांगत नाही. दारासाठी कापलेला तुकडा अन्यत्र बसेल तरच बोर्ड वाचतो.

तात्पर्य, मोजणाऱ्याने आकडा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत : वस्तू राशीने मोजावयाची की नगाने, मुख एक की दोन, आणि परिमाण क्षेत्रफळाचे की घनफळाचे. मराठीत परिभाषा घडविताना केवळ प्रतिशब्द देऊन भागत नाही. त्या शब्दाने काय मोजले जाते, हेही त्याच्या व्याख्येत यावयास हवे. ते न आल्यास संदिग्धतेची किंमत अखेर घर बांधणाऱ्यास मोजावी लागते.