सोलं आणि आमसूल

वाईसारख्या गावात, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या माणसानं बांगड्याविषयी लिहावं हे काहींना खटकेल. खटकू द्या. आमच्या घरी मासा म्हटला की आधी मत्स्यावतार आठवायचा. स्वयंपाकघरात सोवळं होतं, चातुर्मासात कांदा-लसणालाही उंबरठा बंद असायचा आणि फोडणी न देता कालवण करणं म्हणजे मंगलाष्टकांशिवाय लग्न लावण्यासारखंच मानलं जाई.

१९७८ साली बँकेत नोकरी लागली आणि मी मुंबईला निघालो, तेव्हा आईनं ट्रंकेत कपड्यांच्या खाली मेतकूट, कुळथाचं पीठ आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली आमसुलांची पुडी ठेवली होती. ‘बाहेरचं खाऊन पित्त झालं तर सार करून पी,’ एवढीच सूचना. ती पुडी मी वर्षभर सोडलीसुद्धा नाही. कारण बाहेरच्या खाण्यानं मला पित्त झालं नाही, वेड मात्र लागलं.

गिरगावात एका खोलीत चौघे जण राहायचो. खोलीवर चहापलीकडे काही करायचं नाही असा करार होता, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण रस्त्यावर शोधायचं. ठाकुरद्वारच्या विनय हेल्थ होमची मिसळ, प्रकाशचं पीयूष आणि साबुदाणा वडा हे पहिल्या महिन्यातले शोध. रविवारी माटुंग्याला जाऊन १९४२ पासून चालत आलेल्या रामा नायकांच्या बोर्डिंगात केळीच्या पानावर जेवायचं आणि परतीच्या लोकलमध्ये डुलक्या काढायच्या. इराण्यांकडे बनमस्का. हे सगळं मुंबईत नव्यानं आलेला प्रत्येक जण करतो, त्यात माझं काही कौतुक नाही. एक गोष्ट मात्र मी त्या दिवसांत शिकलो आणि ती आजवर उपयोगी पडली आहे. ज्या हॉटेलच्या फळ्यावर दुपारी एक वाजता दोन-तीन पदार्थांवर काट मारलेली असते, तिथं बेधडक बसावं. जिथं रात्री दहालाही सगळं मिळतं, तिथं चहा घेऊन निघावं.

मासा आयुष्यात आला तो लालबागला बदली झाल्यावर. आमच्या शाखेत वेंगुर्ल्याचे एक हेडकॅशियर होते. मी डब्याविना आलो की ते माझ्याकडे दयेनं बघत. एका बुधवारी त्यांनी मला हात धरून उठवलं आणि गिरणीमागच्या एका चाळीत नेलं. पाटी नाही, फळा नाही. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला मोरी, दुसऱ्या भिंतीशी दोन स्टोव्ह, आणि मधे पाट टाकून जेवत बसलेले सात-आठ गिरणी कामगार. ही खाणावळ.

गिरणगावात अशा खाणावळी शेकड्यांनी होत्या. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बायकामुलांना गावी ठेवून यायचा, पाळीपाळीनं एकाच खोलीत झोपायचा आणि चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीनं जेवायचा. बाई पहाटे चारला उठून पहिल्या पाळीचे डबे करी आणि रात्रपाळीवाले जेवून गेले की भांडी घाशी. माणसं पगार झाल्यावर पैसे देणार, तोवर वाण्याची उधारी तिच्या नावावर. वाणी नाही तर सावकार. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळू लागली, त्यामुळे आमच्या काउंटरपलीकडे कधी कधी हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांचे अंगठे उमटत. मी ते कागद तपासत असे आणि दुपारी त्यातल्याच एकीच्या हातचं जेवत असे.

पहिल्या दिवशी मी फक्त रस्सा-भात खाल्ला. बांगडा ताटाच्या कडेला सरकवला. रस्सा लालसर, नारळाच्या वाटपाचा, आणि त्याला एक वास होता. लिंबाच्या सालीसारखा म्हणावा तर तसा नाही, मिरीसारखा म्हणावा तर जिभेला मुंग्या आणणारा. हा वास कशाचा ते मला कळेना. शेवटी शेजारच्या कामगारानं माझा बांगडा उलटला, मधला काटा एका ओढीत काढून दाखवला आणि म्हणाला, ‘आता खा, साहेब. मेलेलो हा, चावूचो नाय.’ सगळी खोली हसली. मी खाल्ला. पुढली तीन वर्षं खात राहिलो.

बाईंचं वय तेव्हा पन्नाशीचं असावं. त्या कणकवलीकडच्या. नवरा गिरणीतच होता, खोकल्यानं घरी बसलेला. सुरुवातीला त्या माझ्याशी फार बोलत नसत, कारण मी ‘बँकेचो’. एकदा धीर करून मी वासाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी तिरफळांचा डबा पुढे केला. कोथिंबिरीच्या धण्यांपेक्षा मोठी, उकललेली, तपकिरी टरफलं आणि आत काळंभोर बी. ‘वाटूची नाय हा. बी काढून टाकूची, नुसती ठेचूची.’ मग त्यांनी कालवणावर वरून कच्चं खोबरेल सोडलं आणि झाकण ठेवलं. ना मोहरी, ना हिंग. मी मंगलाष्टकांची वाट बघत बसलो होतो आणि इकडे लग्न लागूनही गेलं होतं.

आंबटपणासाठी काय घालता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘सोलां. बांगड्याक चिंच नको.’ सोलं म्हणजे काय, म्हणून मी बरणीत डोकावलो. आत काळी, चिकट, खारावलेली सालं. मी एक उचलून वास घेतला आणि मला एकदम आमचं वाईचं माजघर दिसलं. ‘अहो, हे तर आमसूल!’

‘तुमच्याकडे ह्येचा काय करतत?’

मी खरं ते सांगितलं. सार करतो, आणि श्राद्धाला चटणी करतो.

‘श्राद्धाक?’ त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. आत खाटेवर पडलेल्या नवऱ्यालाही त्यांनी ओरडून ते सांगितलं. त्या रात्री खोलीवर जाऊन मी ट्रंकेतली पुडी सोडली. वर्षभरात कागदाला तेलकट डाग पडले होते, आमसुलं मात्र तशीच होती. रातांब्याची सालं त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली असतात, ती अशी सहजी खराब होत नाहीत. पुडी मी दुसऱ्या दिवशी बाईंना नेऊन दिली. त्यांनी त्याची सोलकढी केली, नारळाचं दूध, लसूण आणि हिरवी मिरची घालून, आणि पहिली वाटी मला दिली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले तेव्हा खाणावळीचं काय होणार हे वर्तमानपत्रांतून फारसं आलं नाही. पहिले दोन महिने बाईंनी सगळ्यांना उधारीवर जेवायला घातलं. मग बांगडा गेला, सुकट आली. मग सुकट गेली, डाळ आली. एकेक पाट कमी होत गेला, माणसं गावी परतली ती परतलीच. रोखीनं जेवणारे आम्ही बँकेतले तिघे काय ते उरलो. त्या वर्षी गणपतीनंतर वडिलांच्या आजारपणासाठी मी दीड महिना वाईला गेलो. जाताना घाईत महिन्याचे पैसे द्यायचे राहिले. परत आलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, गावाक गेली. गावाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. कर्जाच्या कागदावर पत्ता असेल म्हणून मी शाखेत शोधलं, तर तिथं चाळीचाच पत्ता. ते पैसे माझ्याकडेच राहिले. नंतरच्या चाळीस वर्षांत माझ्याकडून बऱ्याच गोष्टी बुडाल्या, पण बुधवारी दुपारी आठवते ती हीच.

मग मी ती चव हॉटेलांत शोधू लागलो. खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमात, दादरच्या गोमंतकात, वांद्र्याच्या हायवे गोमंतकात मी भरपूर आणि आनंदानं जेवलो. अनंताश्रम आता नाही, त्याची हळहळ मला आहे. पण ती सगळी अव्वल जेवणं असूनही माझा बांगडा तिथं नव्हता. आता तर गल्लोगल्ली ‘अस्सल मालवणी’ अशी पाटी असते, दारात प्लॅस्टिकचा पापलेट टांगलेला असतो, आणि थाळीत सुरमई नाहीतर पापलेट. बांगडा मागितला की वेटर चेहरा असा करतो, जणू आपण उसने पैसे मागितले. स्वस्त मासा नकोसा वाटणं हे खवय्येपणाचं नव्हे, पैसा आल्याचं लक्षण आहे. असो.

तेव्हा उपाय एकच उरला होता, घरी करणं. लग्न १९८४ ला झालं, डोंबिवलीत एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक घेतला. सौ. मिरजेच्या, शुद्ध शाकाहारी. माहेरून येताना ‘रुचिरा’ घेऊन आलेल्या. कमलाबाई ओगल्यांच्या त्या पुस्तकानं वाटी-चमच्याच्या मापानं आमच्या पिढीचे संसार मार्गी लावले. सौ.नी अट घातली, मासा करायचा तर गॅलरीत, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात, आणि साफ करण्यापासून घासण्यापर्यंत सगळं स्वतः. मला मान्य होतं.

पहिल्या दिवशी मी बाजारात जाऊन शिळे बांगडे घेऊन आलो. कल्ले उघडून लाल आहेत का बघावं, डोळा चकचकीत हवा, बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये, हे ज्ञान मला पुढे कोळणींनीच शिव्यांच्या पदरात बांधून दिलं. दुसरी चूक त्याहून मोठी. बाईंनी सांगितलेलं विसरून मी तिरफळं बियांसकट मिक्सरमध्ये वाटली. कालवणात वाळू मिसळल्यासारखं झालं, आणि वर कडवट. सौ. दारातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, वरण-भाताचं ताट वाढून आणलं. तिसऱ्या खेपेला जमलं. बाईंच्या कालवणाच्या दहा आणे जवळ गेलो असेन. त्यापुढचे सहा आणे आजही जमलेले नाहीत.

१९९१ साली वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. आता खरी परीक्षा होती. मी गॅलरीतला स्टोव्ह काढून ठेवला. दोन महिन्यांनी आईनंच विचारलं, ‘ती गॅलरीतली चूल का बंद झाली रे?’ तिला सगळं ठाऊक होतं. मी पुन्हा सुरू केलं. बुधवारी ती जपाची माळ घेऊन पुढच्या खोलीत बसे, गॅलरीचं दार लावून घेई. सात वर्षं त्या दारावर आमचा तह टिकला.

१९९८ मध्ये दसरा झाल्यावर परतीचा पाऊस आला. मी गॅलरीत पातेलं चढवलं होतं, वारा असा सुटला की पाणी थेट आत. स्टोव्ह विझला, मी भिजलो, एका हातानं पातेल्यावर झाकण आणि दुसऱ्या हातानं छत्री धरून उभा. आतून दार उघडलं. आई उभी होती.

‘आण ते आत. घर काय विरघळणार आहे?’

मी गॅसवर पातेलं ठेवलं. ती ओट्यापासून चार हात लांब उभी राहून बघत होती. नाकाला पदर नव्हता. ‘त्यातलं काळं बी का काढतोस?’ मी सांगितलं. ‘आणि फोडणी?’ नाही म्हटलं. ‘अगंबाई,’ एवढंच म्हणाली. मग मी बरणीतून सोलं काढली, तशी तिनं मान पुढे केली. ‘आमसुलं? त्यात?’

मी तिला लालबागच्या बाईंची हकिगत सांगितली. ट्रंकेतल्या पुडीची, हसण्याची, कुलपाची. ती माळ हातात घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘पैसे नाही पोचवलेस?’ मी नाही म्हटलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, ‘ती कढी का काय म्हणालास, ती कर उद्या. लसूण नको.’

दुसऱ्या दिवशी मी सोलकढी केली. लसणाऐवजी जिरं, नारळाचं दूध पातळ. आईनं दोन वाट्या घेतल्या आणि तिसऱ्या वाटीत चमचाभर गूळ विरघळवून ती कढी तिनं परत वाईची केली. त्यानंतर आमच्याकडे बुधवारी ओट्यावर दोन पातेली असत, एकात माझा बांगडा, एकात तिची कढी. आमसुलं एकाच बरणीतली. उन्हाळ्यात मी लालबागला मसाला कुटून घ्यायला जातो तेव्हाच ती वर्षाची भरून आणतो. डंकांच्या त्या गल्लीत शिंकत शिंकत चालताना ती चाळ होती त्या जागेवरून जावं लागतं. तिथं आता काचेचा टॉवर आहे.

आई २००९ मध्ये गेली. श्राद्धाला मी आमसुलाची चटणी स्वतः करतो, गूळ, जिरं, मिरची, मीठ, एवढंच. लसणाचा वास राहू नये म्हणून पाटा आदल्या दिवशी दोनदा घासून उन्हात ठेवतो. सौ. म्हणतात, निदान बरण्या तरी दोन करा. मी अजून केलेल्या नाहीत.