बांगडी फुटत नाही, वाढते

मागच्या भागात आपण उपमा आणि रूपक पाहिलं. आज पर्यायोक्ती. नाव भारदस्त आहे, पण घरातली सगळी माणसं हा अलंकार न शिकता वापरतात.

सांगायचं ते थेट न सांगता आडवळणाने सांगणं म्हणजे पर्यायोक्ती. तुरुंगात असलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो, 'सध्या सरकारी पाहुणचार घेतोय.' इथे गंमत आहे. घरात मात्र हे आडवळण बहुतेक वेळा भीतीपोटी येतं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. साप दिसला तर 'जनावर' किंवा 'लांबडं'. निघताना 'जातो' नाही, 'येतो'. इंदूर-भोपाळच्या मंडळींना ठाऊक असेल, हिंदीतही दुकान आणि दिवा 'बढाते' आहेत. बंगळूरला शेजारी निघताना 'होगि बर्तीनि' म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. (काटेकोर साहित्यशास्त्री या सगळ्याला अलंकार म्हणणार नाहीत. अलंकारात चमत्कृती हवी, आणि 'वाढली'तली चमत्कृती वापरून वापरून झिजली आहे. मला ते पटतं, तरी मूळ एकच आहे.)

मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त अश्लील या दोषाचे तीन प्रकार आहेत: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. म्हणजे मरण सुचवणारा शब्दही अश्लीलच! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चकित झालो होतो. मग आपल्या बोलण्याकडे पाहिलं. वारले, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले. 'मेले' हा शब्द आपण आपल्या माणसासाठी वापरतच नाही.

याची किंमत मी एकदा मोजली. हैदराबादला वाढलेल्या भाच्याला पहाटे निरोप पाठवला: 'नाना गेले.' त्याचं उत्तर आलं, 'कुठे?' मला वाटलं, धक्क्याने विचारतोय. त्याला खरंच वाटलं होतं की नाना गावाला गेले. तो ऑफिसला गेला. दुपारी बहिणीचा फोन गेला तेव्हा त्याला कळलं. तो सोलापूरला पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. ('आटोपलं', बघा, पुन्हा तेच.) त्याला बोल लावता येत नाही. तेलुगू आणि इंग्रजीत शिकलेल्या मुलाला 'गेले'मधली खोच कोण सांगणार? खरं तर तो शब्द मी त्याला जपायला लिहिला नव्हता. दुसरा शब्द माझ्याच हातून लिहवत नव्हता.

हीच युक्ती कार्यालयंही वापरतात. वीज जाते त्याला 'भारनियमन' म्हणतात, भाडं वाढतं त्याला 'भाडेसुधारणा'. इथे कोणाचं दुःख हलकं होत नाही, फक्त सांगणाऱ्याची अडचण टळते. अशा ठिकाणी मी मूळ शब्द मोठ्याने म्हणून पाहतो. सरकारी पत्रकं वाचताना तुम्हीही करून बघा.

घरच्या निरोपात आता मी 'निधन झालं' असं लिहितो, अंत्यविधीची वेळ आणि गावही लिहितो. फोनवर मात्र अजून 'गेले'च तोंडात येतं.

पुढच्या भागात व्याजस्तुती. येतो.