कहाण्यांची रंगीत पानं

श्रावणात आजीच्या तोंडून ऐकलेली आदित्यराणूबाईची कहाणी आठवते ना? अशाच कहाण्या १९१४ साली मॅकमिलनने इंग्रजीत छापल्या. पुस्तकाचं नाव 'डेक्कन नर्सरी टेल्स', लेखक सी. ए. किंकेड आणि चित्रं आपल्या कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांची.

त्या काळी अशा कथांसाठी चित्रकार बहुधा जलरंगात चित्र काढत. मग पिवळा, लाल, निळा अशा ठशांनी बारीक ठिपके एकावर एक छापले जात. चित्र हजारो घरांत पोचायचं, पण मुळातला पाणीदार, पातळ रंग त्यात हरवायचाच.

तुमच्या घरी आजोबांकडून आलेलं असं एखादं चित्र असेल, तर भिंग घेऊन बघा. ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापील. मूळ चित्रात रंग कागदात मुरलेला असतो, त्याच्या कडा किंचित गडद असतात, कधी खालून पेन्सिलीची रेघही डोकावते. सहीवर मात्र जाऊ नका, सहीसुद्धा छापली जाते!

आणि मूळ निघालं, तर आधी खिडकीसमोरून काढा. आमच्या ओळखीत एका घरी चौकटीच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली कड तेवढी निळी राहिली, बाकी आभाळ पांढुरकं झालं. उडालेला जलरंग परत येत नाही.

किंकेडचं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचायला मिळतं. मराठी वाचायला अडखळणाऱ्या नातवंडांना तिथून सुरुवात करून द्या, कहाणी तुम्ही मराठीतच सांगा.