प्रगतिपुस्तकावर नुसती सही करू नका

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मुलांच्या दप्तरातून प्रगतिपुस्तक घरी येते. अब्बू घाईघाईत श्रेणी पाहतात, सही करतात आणि पुस्तक परत दप्तरात जाते. नारपोलीत बहुतेक घरांची रोजीरोटी यंत्रमाग, सायझिंग नाहीतर गोदामांवर चालते. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त वेळ कोठून मिळणार, हे आम्ही शिक्षक जाणतो. तरीही पालकांना आमचे सांगणे आहे की पहिली ते तिसरी ही तीन वर्षे मुलाच्या तालीमचा पाया आहेत. तो कच्चा राहिला तर पुढची सगळी इमारत डगमगते.

श्रेणी कशी ठरते?

आपल्या राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला 100 पैकी 70 गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात, म्हणजे वर्गातले बोलणे, वाचन, कृती, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित चाचणीला उरतात 30. तिसरी-चौथीला हेच प्रमाण 60 आणि 40 आहे. म्हणून "परीक्षेच्या दिवशी पाठवू, बाकी दिवस राहू द्या" हा हिशेब चुकीचा आहे. मूल रोज वर्गात नसेल तर त्याची नोंद होणार तरी कशाची?

श्रेणीपेक्षा खालचा शेरा महत्त्वाचा. "जोडाक्षरे वाचताना अडखळते", "हातच्याची बेरीज करताना मदत लागते" असे आम्ही लिहितो, त्यात मुलावर ठपका नसतो. पुढचे दोन महिने घरी आणि शाळेत काय करायचे, ते त्या ओळीत असते.

तिसरीपर्यंत काय यावे?

केंद्र सरकारने 2021 मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले. 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचता यावे आणि 99 पर्यंतच्या संख्या लिहिता याव्यात. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि 999 पर्यंतच्या संख्या. तिसरीत मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थ समजून, आणि 9999 पर्यंतच्या संख्या.

याला आता आणखी एक कारण आहे. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा एक संधी मिळते, त्यातही यश आले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. पाचवीत जाग येऊन चालत नाही. त्याची तयारी दुसरी-तिसरीतच व्हायला हवी.

दोन लिप्या, एक मूल

उर्दू माध्यमातले आपले मूल एका तासाला उजवीकडून डावीकडे लिहिते आणि पुढच्या तासाला डावीकडून उजवीकडे. उर्दूत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे. मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र नंतर. 'बाळ'चे 'बाल' आणि 'पाणी'चे 'पानी' होते. 'किताब' स्त्रीलिंगी, पण 'पुस्तक' नपुंसकलिंगी, म्हणून मूल "माझी पुस्तक" म्हणते. अशा वेळी हसू नका, रागावूही नका. "हो, तुझं पुस्तक कुठे आहे?" असे बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडू द्या. घरची उर्दू सोडण्याची गरज नाही. जे मूल मादरी जबानमध्ये गोष्ट नीट सांगते, त्याला दुसऱ्या भाषेत सांगणे सोपे जाते.

घरी दहा मिनिटे

"आम्हीच शिकलो नाही, मुलाला काय शिकवणार?" असे अनेक अम्मी म्हणतात. शिकवायचे काम आमच्यावर सोडा, तुम्ही ऐका. स्वयंपाक करताना मुलाला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावा. वाचन वाहते आहे की दर शब्दाला थांबते आहे, हे अक्षरओळख नसलेल्या दादीलाही कळते. नंतर विचारा, "गोष्टीत काय झालं?" सांगता आले तर समजले. दुकानातून आलेले सुटे पैसे त्यालाच मोजू द्या. अब्बूंनी मीटरमध्ये कापडाचा हिशेब विचारावा. मकतब, शाळा आणि ट्यूशन यांत थकलेल्या मुलाला झोपही पुरेशी हवी.

गावी जाण्यापूर्वी

ईद किंवा लग्नाला गावी गेलेली मुले कधी कधी महिनाभर येत नाहीत. दुसरीतल्या मुलाचा महिना गेला की वाचनाची लय तुटते आणि परत आल्यावर ते मागच्या बाकावर गप्प बसते. मजबुरी असेल तर आधी वर्गशिक्षकांना सांगा. पुस्तके सोबत न्या. राहिलीच तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती मोबाइलवर मोफत उतरवता येतात.

पालकसभेला या. पाळीमुळे अब्बूंना जमत नसेल तर अम्मी, दादी, मोठी बहीण कोणीही चालेल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेत बोलण्याचा हक्क तुमचाच आहे. आल्यावर वर्गशिक्षकांना तीन गोष्टी विचारा: माझे मूल समजून वाचते का? कोठे अडते? घरी आम्ही काय करावे? उत्तरे ऐका आणि मग सही करा.