भात कापलं की लीग सुरू

पनवेल तालुक्यात क्रिकेटचा मोसम भाताच्या मागोमाग येतो. दिवाळीच्या आगेमागे कापणी उरकते, खाचरं सुकतात. मधले बांध काढून जागा सपाट केली, पाणी मारून पट्टी रोलरखाली दाबली की मैदान तयार. तिथून पहिल्या पावसापर्यंत शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या गावात चषक रंगलेला असतोच. ग्रामदैवताच्या नावाचा, स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, नाहीतर सरळ ‘एक गाव एक संघ’. चाळिशी ओलांडलेल्यांच्या ‘फोर्टी प्लस’ स्पर्धासुद्धा असतात. बीसीसीआयच्या दप्तरी यातल्या एकाही धावेची नोंद होत नाही.

आधी चेंडू पाहू. लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर लॉन टेनिसचा ५६ ते साधारण ५९ ग्रॅमचा. आकारात फरक थोडा, वजनात जवळजवळ तिप्पट. चषकात वापरतात तो टेनिस चेंडू जरा जड असला, तरी लेदरपेक्षा हलकाच. हलक्या चेंडूला हवा लवकर अडवते, त्यामुळे तो सीमापार धाडायला बॅट फार वेगानं फिरवावी लागते. म्हणून इथल्या बॅटची पाठ कोरून काढलेली असते. वजन घटतं, झोका वाढतो. चेंडूला शिलाईची उभी धार नसल्यानं गोलंदाजाला सीमची मदत नाही, वर टप्पा पडला की चेंडू टुणकन उसळतो. मग त्याच्या हाती उरतो यॉर्कर. फलंदाज पुढचा पाय बाजूला काढून मिडविकेटवरून झोडायला टपलेला, आणि चेंडू नेमका त्याच्या बुंध्यात. अनेक स्पर्धांत पायचीत देतच नाहीत. पॅड-हेल्मेटचा खर्च नाही, म्हणून एका बॅटवर अख्खी वाडी खेळते.

आता गणित. बाद पद्धतीत प्रत्येक सामना एकाच संघाला घरी पाठवतो. म्हणजे ३२ संघ आले तर विजेता ठरायला बरोबर ३१ सामने. पाच-पाच षटकं धरली तर सामन्यात फार तर साठ वैध चेंडू, सगळं आवरून पाऊण तास. तरी ३१ सामन्यांना तेवीस तासांहून जास्त लागतात! म्हणूनच खाचराच्या कडेला फ्लडलाइटचे खांब उभे राहतात आणि रात्री दोनलाही टॉस उडतो.

खरी गंमत मात्र दोरीच्या बाहेर. समालोचक आगरी ढंगात टोले लगावत असतो. मध्येच पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, तोवर गोलंदाज चेंडू घासत थांबतो. एवढ्यात मांडवातून चिठ्ठी येते: पुढच्या षटकाराला अमक्याकडून पाचशे रुपये. नाव माइकवर पुकारलं जातं, फलंदाज मांडवाकडे बघून मान हलवतो, आणि एका साध्या चेंडूवर अचानक भाव लागतो. मालिकावीराला मोटारसायकल मिळू शकते. सामना यूट्यूबवर लाइव्ह असतो, धावफलक क्रिकहीरोज अॅपवर असतो, त्यामुळे आखातात नोकरीला गेलेला गाववालाही शेवटच्या षटकाला हजर.

वर कुठलं मंडळ नसलेला खेळ असा तग कसा धरतो? अमेरिकेतल्या स्वतंत्र बेसबॉल लीगपुढेही हाच प्रश्न होता. तिथल्या संघांना मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च बेसबॉल लीगचा, पैसा नाही, पाठवलेले खेळाडू नाहीत. स्टँड भरला तरच संघ जगणार. १९९३ मध्ये अशाच एका लीगमध्ये उतरलेल्या सेंट पॉल सेंट्सनं पंचांकडे चेंडू पोहोचवायला चक्क डुकराचं पिल्लू नेमलं. लोक हसले आणि तिकीट काढून आले. अशा लीगमध्ये नियमांशीही खेळता येतं. अटलांटिक लीगनं २०१९ मध्ये, मेजर लीगशीच करार करून, मोठे बेस (धावताना पाय टेकवायच्या चौकोनी गाद्या) आणि रडारवरून चेंडूचा निवाडा करणारी यंत्रणा वापरून पाहिली. ते मोठे बेस २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये पोहोचले.

आपल्याकडेही वाट खालून वर निघाली. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली: टेनिस चेंडू, दहा षटकं, सहा संघ. ‘माझी मुंबई’चे मालक अमिताभ बच्चन, मार्गदर्शकांत सचिन तेंडुलकर. तिथं ‘फिफ्टी-फिफ्टी’ षटकही आहे: ठरलेलं लक्ष्य गाठलं तर त्या षटकाच्या धावा दीडपट, चुकलं तर निम्म्या. गल्लीत वाढलेल्या खेळाला असा पैजेचा नियम शोभूनही दिसतो.

सेलिब्रिटी मालक आले, तरी पनवेलच्या चषकाचे मालक वेगळेच आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७० पासून, इथली खाचरं एकेक करून कामोठे, खारघर, उलवे झाली. ११६० हेक्टरवर विमानतळ उभा राहिला, त्यासाठी दहा गावं उठली. तरी पुनर्वसनात गेलेलं गावही टी-शर्टवर जुनंच नाव छापून मैदानात उतरू शकतं, कारण त्याला फ्रँचायझी विकत घ्यायची नसते. मैदानावर ना तिकीटखिडकी, ना सीझन पास. दोरीबाहेर बसलेल्यानं वर्गणी दिलेली असते, सकाळी रोलर ओढलेला असतो आणि सलामीला त्याचा पुतण्या गेलेला असतो. त्याला नुसतं चाहता म्हणणं म्हणजे त्याचा हिस्सा बुडवणं आहे.