शत्रूच्या नगरांत बिऱ्हाड

ज्या नगरावर आपण स्वहस्तें अग्निवर्षाव केला, त्याच नगरांत पुढें बायकामुलांसह बिऱ्हाड थाटणारा मनुष्य विरळा. अमेरिकेंतील जेकब डिशेझर (१९१२–२००८) हे असे एक गृहस्थ होऊन गेले. सैनिक म्हणून त्यांची ख्याति फार, धर्मोपदेशक म्हणूनहि बरीच; परंतु आम्हांस त्यांच्यांतील कुटुंबवत्सल गृहस्थच अधिक विचारणीय वाटतो.

पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा सूड म्हणून ता. १८ एप्रिल १९४२ रोजीं डूलिटल यांच्या नेतृत्वाखालीं १६ अमेरिकन विमानें जपानवर चालून गेलीं. डिशेझर शेवटच्या विमानांत होते. नागोया नगरावर बाँब टाकण्याचें काम त्यांजकडे होतें. पुढें चीनच्या भूमीवर इंधन संपलें, हवाई छत्रीनें उडी टाकावी लागली, व ते जपानी सैन्याच्या हातीं सांपडले. दोन विमानांतील मिळून आठ जण असे पकडले गेले. पैकीं तिघांस त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गोळ्या घातल्या. त्यांत डिशेझर यांच्या विमानाचा चालकहि होता. चौथा तुरुंगांतच खंगून मेला. डिशेझर ४० महिने कैदेंत राहिले, त्यांपैकीं ३४ महिने एकांतवासांत. मनांत द्वेषावांचून दुसरें कांहीं उरलें नव्हतें.

१९४४ सालीं त्यांना बायबलाची एक प्रत मिळाली, तीहि अवघ्या तीन आठवड्यांपुरती. ग्रंथ हातचा जाणार, म्हणून त्यांनीं त्यांतील कितीएक वचनें मुखोद्गत केलीं. (पाठांतरास नांवें ठेवणाऱ्या नवशिक्षितांनीं या कैद्याकडे अवश्य पाहावें.) पुढें एका पहारेकऱ्यानें कोठडीचें दार त्यांच्या अनवाणी पायावर आपटून पाय चेंगरला. संताप मस्तकास गेला. तथापि दुसऱ्या दिवसापासून डिशेझर त्याच पहारेकऱ्याशीं गोडीनें बोलूं लागले. कांहीं दिवसांनीं त्या मनुष्यानें त्यांना एक रताळें आणून दिलें. वनपर्वांतील द्रौपदी-युधिष्ठिरांचा क्षमेविषयींचा वाद वाचकांस स्मरत असेल. द्रौपदीचा पक्ष आम्हांस आजहि लंगडा वाटत नाहीं. परंतु युधिष्ठिराच्या पारड्यांत तें रताळें टाकावयास हरकत नसावी.

ऑगस्ट १९४५ मध्यें सुटका झाल्यावर त्यांनीं सिॲटल येथें महाविद्यालयीन शिक्षण घेतलें, आणि १९४६ त फ्लॉरेन्स यांच्याशीं विवाह केला. १९४८ च्या डिसेंबरअखेर हें जोडपें तान्ह्या मुलास घेऊन जपानांत उतरलें. लोकांस स्वधर्मांतून परधर्मांत नेण्याच्या उद्योगाविषयीं आमचें मत अनुकूल नाहीं, व तें लपविण्याचेंहि कारण नाहीं. पण ज्या देशानें आपल्या पतीस छळलें, त्या देशांत कडेवर मूल घेऊन संसार मांडावयास निघालेल्या त्या माउलीचें धैर्य काय वर्णावें! उपदेश एकटा पुरुषहि करूं शकतो. शेजारधर्म पाळावयास घरच लागतें. पुढें त्यांस पांच अपत्यें झालीं.

पर्ल हार्बरवरील विमानहल्ल्याचे नायक मित्सुओ फुचिदा यांनीं डिशेझर यांची आत्मकथनपर पत्रिका टोकियोंत वाचली व १९५० त दोघे भेटले. एकेकाळचे हे दोन वैरी पुढें एकाच व्यासपीठावरून बोलले.

१९५९ त डिशेझर कुटुंब नागोयास राहावयास गेलें. ज्या नगरावर वडिलांनीं बाँब टाकले, तेथेंच त्यांनीं प्रार्थनामंदिर स्थापिलें. सुमारें तीस वर्षांच्या वास्तव्यानंतर हीं पतिपत्नी मायदेशीं परतलीं. ता. १५ मार्च २००८ रोजीं ओरेगनमधील सेलम येथें डिशेझर वारले, तेव्हां फ्लॉरेन्सबाई हयात होत्या. विवाहास ६१ वर्षें लोटलीं होतीं.